घरातला गेम सर्व्हर बाहेरच्या दोस्तांना कसा जोडायचा

मी कोल्हापुरात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो. दुकानदाराला घरबसल्या मोबाईलवर कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे त्या कामासाठीचा नंबर घातलेला दरवाजा, उघडून द्यायचं काम माझं नेहमीचंच. अलीकडं तेच काम पोरं मागायला लागलीत, डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) जागी गेमचा सर्व्हर असतो एवढाच फरक. माझ्या भाच्यानं फुलेवाडीच्या घरात जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू केला. दोस्त कोण गडहिंग्लजला, कोण इचलकरंजीला, एक पुण्यात शिकायला. "मामा, घरात मस्त चालतंय, पण बाहेरनं कुणालाच येता येईना." सगळ्यांचं हेच दुखणं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानाला हात लावायच्या आधी एक तपासणी करा. राउटरमध्ये लॉगिन करून स्टेटसच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, शोधा आणि कागदावर लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा आणि येईल तो आकडा शेजारी लिहा. मध्ये कोलन असलेला लांबलचक पत्ता आला तर तो आयपीव्ही६ आहे, आपल्याला टिंबांनी तोडलेला चार आकड्यांचा हवा. दोन्ही आकडे सारखे निघाले तर पुढचं काम सरळ आहे. वेगळे निघाले तर थांबा, कारण आता राउटरमध्ये रात्रभर काहीही बदलत बसलात तरी बाहेरचा माणूस आत येणार नाही. पोरांचा सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो आणि त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

कारण समजून घ्या. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जगाला ते केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून घरात १९२.१६८ वाले खासगी पत्ते वापरायचे आणि बाहेर एकच पत्ता दाखवायचा, ही सोय म्हणजे नॅट. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यासारखं आहे हे. दिंडी दरवाजा एक, आत बिऱ्हाडं दहा. आतला माणूस बाहेर जाऊन परत येतो, त्याला कुणी अडवत नाही. पण अनोळखी माणूस दारात आला तर तो कुठल्या बिऱ्हाडाचा पाहुणा हे कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असावं लागतं. ते सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

आता इंटरनेट कंपन्यांकडेही पत्ते कमी पडतात, म्हणून त्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. तुमचा वॅन आयपी त्या पट्ट्यात असेल तर मुख्य दरवाजा तुमच्या हातात नाही. वॅन आयपी १९२.१६८ नं सुरू होत असेल तर बहुतेक वेळा फायबरवाल्यानं भिंतीवर लावलेला डबासुद्धा राउटरचंच काम करतोय आणि तुम्ही त्याच्यामागं स्वतःचा दुसरा राउटर लावलाय. अशा वेळी तो डबा 'ब्रिज मोड'ला टाकून घ्यायचा, म्हणजे त्याचं राउटरचं काम थांबतं, किंवा दुसरा राउटर नुसता वायफाय देणारा 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून वापरायचा. १० नं सुरू होणारा आकडा असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं. आधी डब्यात लॉगिन करून त्याचा वॅन आयपी बघा.

सीजीनॅट निघालं तर केबलवाल्याला फोन करून "स्टॅटिक पब्लिक आयपी मिळेल का" असं स्पष्ट विचारा. त्याचे पैसे वेगळे लागतात. नको असेल तर टेलस्केल किंवा झिरोटियर वापरा. सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर आणि प्रत्येक दोस्ताच्या मशीनवर ते ॲप घालायचं, सगळी मशीन एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. राउटरला हात लावावा लागत नाही. चार-सहा ओळखीची पोरं खेळणार असतील तर पब्लिक आयपी असूनसुद्धा मी हाच मार्ग सांगतो, कारण बाहेरच्या जगाला काहीच उघडं राहत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. गेमच्या यादीत सर्व्हर आपोआप दिसणार नाही, पत्ता हातानं टाकावा लागतो. आणि टेलस्केलसुद्धा १००.६४ वालाच पट्टा वापरतं, म्हणून सीजीनॅट आहे का हे ठरवताना कॉम्प्युटरवरचा आकडा बघू नका, राउटरच्या पानावरचाच बघा.

वॅन आयपी चोख असेल तर तपासणी घराच्या आतून सुरू करून बाहेर या. आधी सर्व्हरच्याच कॉम्प्युटरवर गेम उघडून पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' (म्हणजे हेच मशीन) टाका. मग घरातल्या दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरचा घरातला पत्ता टाका, समजा १९२.१६८.१.५०. लोकलहोस्ट चालतं आणि हे चालत नाही, तर दोष बहुतेक वेळा विंडोज फायरवॉलचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या विंडोजमधल्या पहारेकऱ्याचा. 'इनबाउंड रूल्स'मध्ये नवीन रूल करा, पोर्ट निवडा, नंबर द्या (तो खाली दिलाय), 'अलाऊ' करा. नवा राउटर लावला की विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजून 'पब्लिक'मध्ये टाकू शकतं. मग फक्त 'प्रायव्हेट'साठी केलेला जुना रूल लागू होत नाही.

तो १९२.१६८.१.५० पक्का करून घ्या. राउटरच्या डीएचसीपीच्या (घरातल्या मशीनना पत्ते वाटणाऱ्या) पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथं कॉम्प्युटरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आणि हा आयपी जोडून टाका. वायफायचा मॅक वेगळा आणि लॅन केबलचा वेगळा असतो. सर्व्हरला केबलच लावा, आणि केबलचाच मॅक लिहा.

आता पोर्ट. टीसीपी आणि यूडीपी या निरोप पाठवायच्या दोन पद्धती. कॉम्प्युटरवरच्या माइनक्राफ्ट जावाला टीसीपी २५५६५. मोबाईलवर चालणाऱ्या बेडरॉकला यूडीपी १९१३२. टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलं तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. फायबरच्या डब्यावरचं पान जरा नीट बघा. 'एक्स्टर्नल पोर्ट'चे दोन रकाने असतात, सुरुवात आणि शेवट, दोन्हीत २५५६५ टाका. 'इंटर्नल पोर्ट' तोच. 'इंटर्नल होस्ट'मध्ये १९२.१६८.१.५०. आणि वरच्या बाजूला 'वॅन नेम' नावाची एक यादी असते, तिच्याकडं लोकांचं लक्षच जात नाही. तिच्यात दोन-तीन नावं दिसतात: एकात 'व्हीओआयपी', ते फोनसाठी, एकात 'टीआर०६९', ते कंपनीला डबा लांबून सांभाळता यावा म्हणून. ज्या नावात 'इंटरनेट' आहे तेच निवडा. चुकीचं नाव निवडलेलं असलं तरी रूल सेव्ह होतो, हिरवी खूणसुद्धा येते, पण बाहेरून काही पोचत नाही.

तपासताना मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर या, किंवा बाहेरगावच्या दोस्ताला जोडायला सांगा. घरात बसून स्वतःचाच बाहेरचा आयपी टाकला तर बरेच राउटर ते परत आत वळवत नाहीत आणि चालू असलेला सर्व्हर बंद वाटतो. एरर काय येतो तो अक्षरशः वाचायला सांगा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आला तर निरोप कुठल्यातरी मशीनपर्यंत पोचला, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही: सर्व्हर बंद आहे, पोर्ट चुकलाय किंवा भलत्याच मशीनकडं पाठवलाय. 'टाइम्ड आउट' आला तर निरोप वाटेतच गिळला गेला, म्हणजे फायरवॉल, चुकीचं वॅन नाव नाहीतर सीजीनॅट. एवढ्या एका फरकानं अर्धं निदान होतं.

आपल्याकडं लाईट गेली, राउटर बंद होऊन परत चालू झाला, की बऱ्याचदा बाहेरचा आयपी बदलतो. डकडीएनएस किंवा नो-आयपीवर फुकट नाव घ्या आणि दोस्तांना आकड्याऐवजी ते नाव द्या. आयपी बदलला की नाव आपोआप नव्या आकड्याकडं वळतं, त्याची सोय राउटरच्या 'डीडीएनएस' पानावर किंवा कॉम्प्युटरवरच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये करायची. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर आणखी चांगलं.

आता जे मी प्रत्येक घरी बजावून सांगतो ते. २५५६५ उघडलात की तो फक्त तुमच्या दोस्तांना दिसत नाही. इंटरनेटवर बॉट दिवसरात्र पोर्ट चाचपत फिरत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर जगभर ताब्यात घेतले, आणि ते बनवणारी अमेरिकेतली तरुण पोरं माइनक्राफ्ट सर्व्हर पाडण्याच्या धंद्यातून आलेली होती. माझ्या कामातली दोन्ही टोकं त्यात आहेत, म्हणून मला ते विसरता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेची (माइनक्राफ्ट नोंदी ठेवायला वापरत असलेल्या प्रोग्रॅमच्या भागाची) खोट उघडी पडली तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. माइनक्राफ्टच्या १.१८.१ आवृत्तीपासून ती दुरुस्त झाली. तेव्हा सर्व्हर अद्ययावत ठेवा. राउटरचा पासवर्ड बदला, 'रिमोट मॅनेजमेंट' बंद ठेवा. काही चालेना म्हणून कॉम्प्युटर 'डीएमझेड'मध्ये टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यानं सगळेच पोर्ट त्या एका मशीनवर मोकळे होतात.

सर्व्हरच्या प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्यांनाच आत घेणं) चालू करा आणि दोस्तांची नावं एकेक घाला. 'ऑनलाइन मोड', म्हणजे येणाऱ्याचं अकाउंट खरं आहे का याची तपासणी, बंद करू नका. तो बंद असला की कुणीही तुमच्या ॲडमिनचंच नाव लावून आत येतो आणि सर्व्हर त्याला ॲडमिन समजतो. भाच्याच्या एका दोस्ताकडं विकत घेतलेलं अकाउंट नव्हतं, म्हणून पोरं ते बंद करायच्या बेतात होती. मी त्यांना टेलस्केलवर आणलं, आणि त्या पोराला वाढदिवसाला अकाउंट घ्यायचं ठरलं.

कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद ठेवा. सर्व्हर बंद करताना खिडकीच्या फुलीवर क्लिक करू नका, कन्सोलमध्ये 'स्टॉप' टाइप करून तो स्वतः बंद होईपर्यंत थांबा, आणि मग 'वर्ल्ड'चं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.