एका लॅपटॉपवर दोन सिस्टीम: या चुका टाळा, मग मला फोन करा

"काकू, विंडोज दिसत नाहीये."

रात्री साडेदहाला असा फोन आला की मी एवढंच विचारते, "काय उडवलंस?" पलीकडे आधी गप्प. मग, "काही नाही, डिस्कचा एक छोटासा कप्पा, पार्टिशन होतं..."

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते, आणि आमच्या गल्लीतली पोरं मला फुकटचं सर्व्हिस सेंटर समजतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून गर्दी वाढलीय. जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही, म्हणून लिनक्स ही फुकट सिस्टीम, तिचा मिंट नाहीतर उबंटू हा प्रकार टाकायचा. पण विंडोजही हवंच, कारण बाबांचं टॅली त्यात. हरकत नाही, एका डिस्कवर दोन्ही सुखानं नांदतात. काम दीड-दोन तासांचं आहे. पोरांना मात्र ते वीस मिनिटांत उरकून सराफ्यात गराडू खायला जायचं असतं.

तर ते छोटं पार्टिशन. त्याला ईएफआय म्हणतात, अनेक ठिकाणी जेमतेम १०० एमबीचं. लॅपटॉप सुरू झाला की सिस्टीम कुठून उठवायची हे तिथंच लिहिलेलं असतं. विंडोजचं सामान एका फोल्डरमध्ये, उबंटूचं दुसऱ्या. दोघांना ते एकच पुरतं. ते वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. इन्स्टॉलरमध्ये 'फॉरमॅट' पुढची बरोबरची खूण काढलेली आहे ना, हे मी बोट ठेवून दोनदा बघते. "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" या पर्यायाबद्दल तर बोलतच नाही. त्यात 'पुसून' हा शब्द लिहिलेला असतो, तो वाचावा.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं गेल्या थंडीत ते ईएफआयच फॉरमॅट केलं. नवाकोरा लॅपटॉप, विंडोज ११. उबंटू मस्त चालू, विंडोज गायब. खरं तर हे दुरुस्त होतं: दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू (म्हणजे बूट) करून शिफ्ट आणि एफ-१० दाबायचं, काळ्या खिडकीत त्या ईएफआयला सी, डी सारखं एक अक्षर द्यायचं आणि बीसीडीबूट या विंडोजच्या आदेशाची एक ओळ चालवायची. बूटच्या फायली परत बसतात. मी म्हटलं, दहा मिनिटांत मोकळी होते.

पण सी ड्राइव्हला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं, कुलूप! पोराला पत्ताच नव्हता. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं टाकून विंडोज ११ सुरू केलं की हे कुलूप अनेकदा आपोआप लागतं आणि त्याची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाते. आता ते खातं कुणाचं? लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या मुलानं "भिया, मैं सेट कर देता हूँ" म्हणून पोराच्या बाबांच्या कुठल्याशा जुन्या ईमेलवर काढून दिलेलं. बाबा रात्रपाळीला देवासला. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. अकरा वाजता ते फोनवरून किल्ली वाचायला लागले, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि तेही जोडीजोडीनं, हिंदीत: उनसठ, उनहत्तर, उन्यासी. पोरगं इंग्रजी शाळेतलं. त्यानं काय ऐकलं आणि काय लिहिलं देव जाणे. कुलूप उघडेना. मग मला आठवलं की यातल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटर काढला, एकेक गट भागून पाहिला, तर पाचव्यात बाकी उरली. उनसठचं उनहत्तर झालं होतं. विंडोज उठलं तेव्हा पावणेएक वाजला होता. गराडू राहिलेच.

तेव्हापासून माझा नियम: पेनड्राइव्हला हात लावायच्या आधी किल्ली वहीत, एकेक आकडा सुटा. शिवाय विंडोजमध्ये पार्टिशनं दाखवणाऱ्या डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा फोटो, लॅपटॉपवर नाही, मोबाइलमध्ये. आणि कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. हे तिन्ही दाखवल्याशिवाय मी कुणाच्या लॅपटॉपला हात लावत नाही. पोरांना राग येतो, येऊ दे.

व्हिडिओवाले एक आणखी शिकवतात: आधी सिक्युअर बूट (सही असलेली सिस्टीमच सुरू होऊ देणारा पहारा) बंद करा. कशाला? उबंटू आणि मिंट दोन्ही ते चालू असताना बूट होतात. बंद केलंत की पुढच्या वेळी बिटलॉकर किल्ली मागत बसतो.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप मात्र बंद कराच. ते चालू असलं की 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. तशात लिनक्समधून तो ड्राइव्ह उघडायला गेलात तर एकतर नुसता वाचता येतो, नाहीतर फायलींची वाट लागते.

जागा विंडोजमधूनच मोकळी करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नको. २५ जीबी म्हणजे अगदी दाटीवाटी, मी पन्नासच्या खाली जात नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) बघा, स्टोरेज, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, रेड (RAID) किंवा इंटेल आरएसटी मोडमध्ये असेल. ते एएचसीआय या साध्या मोडवर करायचं, पण आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगून मगच. थेट बदललंत की निळा पडदा.

लिनक्सवरून परत आल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं? सेल बदलायला धावू नका. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजतं. लिनक्सला टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आदेशाच्या एका ओळीत 'स्थानिक वेळ ठेव' म्हणून सांगितलं की झालं.

आणि ज्यांना महिनाभरात कंटाळा येतो त्यांच्यासाठी: विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन सरळ डिलीट करू नका. सुरुवातीला कुठली सिस्टीम हवी ते विचारणारा लिनक्सचा ग्रब आपल्या फायली त्याच पार्टिशनमध्ये शोधतो, त्या सापडल्या नाहीत की काळ्या पडद्यावर 'ग्रब' नाहीतर 'ग्रब रेस्क्यू' लिहून बसून राहतो. आधी बायॉसच्या बूट यादीत विंडोजला पहिल्या नंबरावर आणा, दोनदा बंद-चालू करून बघा, मग डिलीट करा. रात्री साडेदहानंतर नको.