कॉन्डर टोकन घेताय? आधी कडा वाचा

दोन्ही बाजूंचे फोटो बघायचे आणि पैसे पाठवून मोकळं व्हायचं, ही कॉन्डर टोकनं, म्हणजे ब्रिटनमध्ये अठराव्या शतकात खासगी कंपन्यांनी आणि व्यापाऱ्यांनी चिल्लर म्हणून काढलेली तांब्याची टोकनं, जमवणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक. मीही केली आहे. या टोकनांचा जीव असतो कडेवर.

1775 नंतर लंडनच्या टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणं जवळजवळ थांबवलं. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि मजुरी वाटायला चिल्लर मिळेना. मग 1787 मध्ये पॅरिस माइन कंपनीने आपल्याच खाणीच्या तांब्यातून टोकनं काढली. (हे पॅरिस फ्रान्समधलं नव्हे, वेल्समधल्या अँगलसी बेटावरचा डोंगर. विक्रेतेसुद्धा फसतात.) त्यांच्या पेनीवर एका बाजूला ओकच्या पानांच्या वेढ्यात ड्रुइडाचं (प्राचीन केल्टिक पुजाऱ्याचं) डोकं, दुसरीकडे ‘धारकाला एक पेनी देऊ’ असं वचन. पण ती कुठे मिळणार? लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीला. हे लिहिलंय कडेवर!

पुढे लोक छंद म्हणून टोकनं जमवू लागले, तसे कारागीर एकाची पुढची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूला जोडून ‘दुर्मिळ’ माल काढू लागले. कडा कोरी असेल किंवा तिच्यावर नुसतं ‘सगळीकडे चालेल’ एवढंच असेल, तर पैसे देणारा कोण हे विचारा. तसं टोकन घेऊ नये असं नाही. खऱ्या व्यवहारात चाललेल्या टोकनाच्या भावाने घेऊ नये.

वजनही करा. ड्रुइडाच्या नकला त्या काळातच निघाल्या होत्या. सुरुवातीची पेनी 28 ग्रॅमच्या आसपास भरते. झीज धरूनही फार हलकी लागली, तर सावध व्हा.

चेहरा दिसला की राजा समजू नका. जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा कारखानदार. त्याने राजाच्या थाटात स्वतःचंच डोकं छापलं. उलट आपल्याकडे ‘1818, ईस्ट इंडिया कंपनी, राम दरबार’ असं काही दाखवलं, तर ते ना कंपनीचं नाणं, ना व्यापारी टोकन. कंपनीने तसं नाणं कधी पाडलंच नाही.

आणि चिंच-मीठ देवघरातल्या तांब्यासाठी ठेवा. माझ्या एका हाफपेनीचा दोनशे वर्षांचा चॉकलेटी रंग पाच मिनिटांत गेला. आता ती नव्या वॉशरसारखी चमकते, आणि कुणी विकत घेत नाही.