तुर्की गालिचा पारखावा कसा?

पैठणी घेताना पदर उलटून पाहायला मराठवाड्यातल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. दोन्ही बाजूंची नक्षी सारखी उतरली असेल तर माल हातमागाचा, एवढे त्या जाणतात. तुर्की गालिच्याची परीक्षाही उलट्या बाजूनेच सुरू करावी. कोपरा दुमडून पाहिल्यावर नक्षी मागेही स्वच्छ दिसली पाहिजे. ओळी पट्टीने आखल्यासारख्या एकसारख्या असतील तर मशीनचा संशय घ्यावा. दशा ही ताण्याचीच, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचीच, टोके असावी लागतात. माझ्या दिवाणखान्यातील गालिच्याची दशा पहिल्याच धुण्यात सुटून हातात आली, तेव्हा ती नुसती शिवलेली होती हे समजले.

नंतर लव बोटांनी बाजूला सारून गाठ पाहावी. ग्योर्देस या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुर्की गाठीत धागा ताण्याच्या दोन धाग्यांभोवती गुंडाळून त्याची दोन्ही टोके त्या दोहोंच्या मधून वर काढतात, तर इराणी गाठीत एकाच धाग्याला पूर्ण वेढा बसतो. तुर्कस्तानातील कोन्या शहराच्या अलाउद्दीन मशिदीत १९०५ साली उजेडात आलेले १३व्या शतकातील सेल्जुक राजवटीचे गालिचे याच तुर्की गाठीचे आहेत. पुढे उशाक शहरातील मागांवर मोठ्या पदकांची आणि ताऱ्यांची नक्षी रुळली; मिलास, कुला, लादिक येथील नमाजाच्या गालिच्यांवर मेहराबीची, म्हणजे मशिदीत नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, कमान असते.

किलीम म्हणजे लव नसलेला, सपाट विणीचा गालिचा; त्यात गाठच नसते, आणि तो आपल्या पैठणीचा जवळचा नातलग आहे. त्यात रंग बदलतो तिथून बाणा, म्हणजे आडवा धागा, मागे वळवतात, त्यामुळे दोन रंगांच्या मधे बारीक उभी फट राहते; किलीम उजेडासमोर धरला की ती दिसते. पैठणीत शेजारच्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवून घेतात, म्हणून फट पडत नाही.

रंगासाठी पांढरा ओला रुमाल लवेवर घासावा. रुमाल रंगला तर घेऊ नये. मात्र एकाच निळ्या पट्ट्यात फिकट-गडद छटा दिसल्या तर तो दोष समजू नये, कारण लोकर निरनिराळ्या घाण्यांत रंगवली की असे होते. १९८१ पासून नैसर्गिक रंगांसाठीच्या दोबाग प्रकल्पाने मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा लाल आणि निळीचा निळा रंग पश्चिम अनातोलियातील, म्हणजे आशियाई तुर्कस्तानातील, गावांत पुन्हा वापरात आणला.

शेवटी मागच्या बाजूला पट्टी ठेवून एका सेंटिमीटरमध्ये आडव्या आणि उभ्या गाठी मोजाव्यात. हेरेके या तुर्की गावच्या उत्तम रेशमी गालिच्यात त्या १० गुणिले १० भरतात, म्हणजे एका चौरस मीटरला १० लाख. दुकानदार रेशमी हेरेके म्हणत असेल आणि मोजणी ४ गुणिले ४ निघाली, तर किमतीची घासाघीस न करता गालिचा गुंडाळून ठेवायला सांगावे.