प्रोटीन स्किमर सेट करताना या चुका टाळा

प्रोटीन स्किमर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतला सेंद्रिय कचरा बुडबुड्यांच्या फेसाबरोबर वर चढवून कपमध्ये जमा करणारं यंत्र. त्याबद्दलच्या तक्रारी मुख्यतः दोनच. एक, कप भरून वाहतोय. दुसरी, आठवडा होत आला तरी कप कोरडाच. दोन्हींवर बहुतेक जण एकच उपाय करतात: व्हॉल्व्ह फिरवतात. अर्ध्या तासात फरक दिसला नाही की पुन्हा फिरवतात. संध्याकाळपर्यंत सुरुवातीला व्हॉल्व्ह कुठे होता हेही आठवत नाही आणि स्किमरला स्थिरावायला सलग दोन तासही मिळालेले नसतात. मला इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. बिघाडाचं मूळ व्हॉल्व्हमध्ये क्वचितच असतं. ते संपमधल्या (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीतल्या) पाण्यात, हवेच्या नळीत नाहीतर कपच्या मानेवर, म्हणजे फेस जिथून कपमध्ये चढतो त्या नळकांड्यात, साचलेल्या चिकट थरात असतं.

आधी संप बघा

संपमध्ये बसणाऱ्या स्किमरचं सगळं गणित बाहेरच्या पाण्याच्या उंचीवर असतं. बाहेर पाणी चढलं की आतलं पाणीही चढतं, फेस वर ढकलला जातो आणि कप वाहतो. बाहेर पाणी उतरलं की फेस मानेच्या खालीच अडतो. एक-दोन सेंटिमीटरचा फरकही पुरतो.

आता ज्यांचा स्किमर आणि रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत टाकीत चढवणारा) एकाच कप्प्यात आहेत त्यांचं काय होतं बघा. बाष्पीभवनाने घटणारं पाणी नेमकं याच कप्प्यातून घटतं. दिवसभर पातळी उतरत जाते, स्किमर गप्प होतो, म्हणून मालक व्हॉल्व्ह आवळतो. रात्री घटलेल्या पाण्याची भर घातली की तोच आवळलेला व्हॉल्व्ह कप ओसंडून टाकतो. दोष स्किमरचा नाही, पातळीचा आहे. स्किमर अशा कप्प्यात ठेवा जिथे कप्प्यांमधल्या काचेच्या भिंतीमुळे पाणी कायम एकाच उंचीवर राहतं. ते शक्य नसेल तर ऑटो टॉप-ऑफ (घटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवा, म्हणजे पातळी दिवसभर हलणार नाही.

कप्प्यात पाणी किती खोल हवं ते मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. बऱ्याच मॉडेलना १५ ते २५ सेंटिमीटरच्या मधलं काहीतरी लागतं. पाणी त्याहून खोल असेल तर स्किमरखाली प्लास्टिकच्या जाळीचा स्टँड द्या. मग संपच्या काचेवर चिकटपट्टीने पातळीची खूण करा. पुढच्या वेळी स्किमर बिघडला असं वाटलं की पहिली नजर या खुणेकडे जाऊ द्या.

नवीन स्किमरवर लगेच निकाल नको

कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकवर तेलकट अंश असतो आणि तो फेस टिकू देत नाही. पाण्यात व्हिनेगर घालून स्किमर तासभर चालवा, स्वच्छ धुवा आणि मगच संपमध्ये ठेवा. त्यानंतरही काही दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, तो लहरी वागतो. आज काहीच नाही, उद्या पाण्यासारखा फेस. या काळात व्हॉल्व्ह बराच उघडा ठेवा आणि वाट बघा. टाकीत बारीक बुडबुडे येत असतील तर तेही याच दिवसांत हळूहळू कमी होतात.

व्हॉल्व्ह फिरवायचा तो असा

बहुतेक मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या पाण्यावर असतो. उघडला की आतली पातळी उतरते आणि फेस कोरडा होतो, आवळला की पातळी चढते आणि फेस ओला होतो.

टॉर्च घेऊन स्किमरच्या मानेजवळ बघा. खाली दुधासारखं पांढरं, घुसळणारं पाणी दिसतं. वर बुडबुडे मोठे होत जातात, एकमेकांना चिकटतात आणि सावकाश वर सरकतात. या दोहोंच्या मधली सीमा मानेच्या तळाशी आली की सुरुवातीसाठी जागा बरोबर. वरचा फेस मानेच्या कडेला पोचतो, क्षणभर थांबतो आणि फुटून कपमध्ये ओघळतो. एवढं दिसलं की हात काढा. यापुढे बदल करायचा तर अगदी थोडा, आणि पुढचा बदल चोवीस तासांनंतरच.

फेस अचानक गेला किंवा अचानक उसळला

माशांना नुकतंच खायला घातलं, टाकीत हात घातला, की फेस बसतो. खाद्यातलं आणि त्वचेवरचं तेल बुडबुडे फोडतं. काही तासांत सगळं पूर्ववत होतं, म्हणून अशा वेळी काहीही फिरवू नका.

उलटं होतं ते प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी पुटी वापरल्यावर, क्लोरीन काढणारं द्रावण जास्त पडल्यावर, काही औषधांनंतर. कप मिनिटांत भरतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, कपच्या तळाला निचऱ्याची नळी असेल तर ती संपमध्ये सोडा, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) लावा. गरज पडली तर थोडं पाणी बदला. स्किमर मात्र शक्यतो बंद करू नका. टाकीतल्या प्राणवायूचा मोठा भाग त्याच्या हवेतून येतो आणि रात्री पाण्यात तो कमी पडतो.

वीज गेल्यावर टाकीतलं पाणी संपमध्ये उतरतं. परत आली की स्किमर त्या चढलेल्या पातळीतच सुरू होतो आणि कप वाहतो. रिटर्न पंप आधी चालू द्या, पातळी खुणेवर आली की स्किमर लावा.

हवेची नळी

आवाज ओळखायला शिका. नीट चालणाऱ्या स्किमरची हवा एकसारखी सू-सू करत आत जाते. तो आवाज मंदावला, बुडबुडे विरळ आणि मोठे झाले, तर नळी काढून तिचं पंपाकडचं टोक उजेडात धरा. आत पांढरा, खडबडीत मिठाचा थर दिसेल. भोक निम्मं बुजलेलं असतं. महिन्यातून एकदा पंप चालू असतानाच नळीचं मोकळं टोक कोमट आरओ पाण्यात काही क्षण बुडवा. पंप ते पाणी ओढतो आणि मीठ विरघळून जातं. फेस कमी करण्यासाठी हवा कोंडू नका. हवा पूर्ण उघडी, बदल फक्त पाण्याकडून.

मानेच्या आतला चिकट थर दोन-तीन दिवसांनी पुसा, त्यावर फेस चढतच नाही. पुसताना साबण वापरू नका. पंपाचा इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) तीन ते सहा महिन्यांनी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, कारण त्याच्या दातांवर चुना बसतो.

कप जास्त भरला म्हणजे काम जास्त झालं, असं नाही

फिकट, पाणचट द्रव भरभरून काढणाऱ्यांनी खारेपणा मोजत राहावं. एक लिटर द्रवाबरोबर साधारण ३५ ग्रॅम मीठ जातं आणि ऑटो टॉप-ऑफ त्या जागी गोडं पाणी घालतो. रोज एक लिटर गेला तर २०० लिटरच्या टाकीचा खारेपणा आठवड्यात ३५ वरून ३४ पीपीटीच्याही (पीपीटी म्हणजे हजार भागांत मिठाचे किती भाग) खाली येतो. प्रवाळांना हे बरं नाही.

पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी निरनिराळे स्किमर मोजून पाहिले तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमरने निघाला. बाकीचा बुडबुड्यांना चिकटतच नाही. तयार झालेला नायट्रेटही स्किमर काढत नाही, तो फक्त कचरा कुजण्याआधी उचलतो. म्हणून नायट्रेट वाढला की व्हॉल्व्ह आवळून उपयोग नाही, खाद्य आणि पाणी बदलण्याचं वेळापत्रक बघावं लागतं. आणि टाकी नवी असेल, मासे दोन-तीनच असतील, तर कप आठवडाभर जवळजवळ रिकामा राहणं अगदी स्वाभाविक आहे. त्या पाण्यात काढण्यासारखं अजून फारसं काही साचलेलंच नसतं.