मॉडेल टीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधले बॅबिटचे वॉशर
फोर्ड मॉडेल टीच्या (1908–1927) मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाच्या) दोन्ही बाजूंना बॅबिटचे, म्हणजे मऊ मिश्रधातूचे, थ्रस्ट वॉशर (बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्या) असतात. ते झिजून फुटले की क्राउन व्हील (डिफरन्शियलवरचं मोठं दातेरी चक्र) पिनियनपासून, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरपासून, सरकतं. मग गाडीची ओढ तर जातेच, पायाचा ब्रेकही जातो, कारण तो गिअरबॉक्सवरच चालतो आणि चाकांपर्यंत याच दातांतून पोहोचतो.

अ‍ॅक्सल उघडलाच आहे, तर वॉशर चांगले दिसले तरी काढा. त्यांच्या जागी योग्य जाडीचे ब्राँझचे घाला. शेजारच्या पोलादी चकत्यांवर चरे असतील तर त्याही बदला आणि पिनांवर नीट बसवा. बंद करण्यापूर्वी क्राउन व्हील पूर्ण फेरा फिरवून पाहा. दातांत थोडी ढिलाई हवी, कुठेही अडकता कामा नये.

जुन्या बॅबिटचा चुरा रोलर बेअरिंगमध्ये शिरतो. हाउसिंग आणि रोलर रॉकेलने स्वच्छ धुतल्याशिवाय नवं तेल भरू नका.