वार्मिंट शिकार शिकताना: नेमबाजीची बैठक आणि मझल ब्रेक

कुरणांत बिळे करणारे प्रेअरी डॉगसारखे लहान प्राणी लांबून टिपायला, म्हणजेच वार्मिंट शिकार, शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा असतो. माझ्या मते त्याने आधी पाहावे ते हे, की गोळी सुटल्यावरही लक्ष्य स्कोपमध्ये (रायफलीवरच्या दुर्बिणीत) दिसत राहते का. धूळ डावीकडे उडाली की उजवीकडे, हे स्वतःला दिसले तरच वाऱ्याचा अंदाज पुढच्या गोळीला सुधारता येतो.

.२२३ रेमिंग्टन या काडतुसाचा धक्का खांद्याला फारसा जाणवत नाही, मग त्याच्या रायफलीला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडावर बसवायचा छिद्रांचा तुकडा, कशाला, असे अनेक जण विचारतात. पण ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३,२०० फूट वेगाने निघताना नळीचे तोंड जरासे जरी उचलले गेले, तरी जास्त पॉवरवर ठेवलेल्या स्कोपमधून लक्ष्य निसटते. ब्रेक नळीच्या तोंडाशी बाहेर पडणारा वायू बाजूंना आणि थोडा मागे वळवतो, त्यामुळे रायफल मागे कमी येते; .२२-२५० या काडतुसात स्फोटक दारू जास्त असल्याने हा फरक अधिक ठळकपणे कळतो.

तरीही मी नवख्याला आधी ब्रेकशिवायच शिकायला सांगेन, कारण शरीर रायफलीला तिरके असेल तर ती बाजूला उसळते आणि बैठकीतला हा दोष ब्रेकमुळे नुसता झाकला जातो. पालथे झोपून नेम धरावा, डोळे मिटून श्वास सोडावा आणि मग डोळे उघडावेत. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर ती हातांनी ओढून न आणता कंबर सरकवून जुळवावी. ट्रिगर सावकाश दाबावा आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर दाबलेलाच ठेवावा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून हाच सराव घरीही करता येतो, आणि तो कंटाळवाणा असला तरी हात खरा त्यातूनच बसतो.

ब्रेकची किंमत कानांना मोजावी लागते. रायफलीचा आवाज मुळातच १४० डेसिबलच्या वर असतो आणि ब्रेक तो नेमबाजाकडे व शेजाऱ्यांकडे फेकतो, म्हणून कानांत बोळे आणि वर इअरमफ अशी दोन्ही साधने वापरावीत. नळीच्या तोंडाच्या बाजूला कोणालाही बसू देऊ नये. पालथे झोपून मारायचे असल्यास खालच्या बाजूला छिद्रे नसलेला ब्रेक घ्यावा, नाहीतर उडालेल्या धुळीत काहीच दिसत नाही. ब्रेकच्या वजनाने नळीची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे लागू शकते, म्हणून तो बसवल्यावर किंवा सफाईसाठी काढून पुन्हा लावल्यावर रायफल नव्याने झीरो करून घ्यावी, म्हणजे गोळी नेमाच्या जागीच लागेल असा स्कोप जुळवावा.