पहिल्या हिवाळ्याआधी एक मोठं पातेलं घ्या

इथे नेदरलँड्समध्ये आइंडहोवन, वेल्डहोवनला नवीन येणारे लोक दरवर्षी तेच तेच विचारतात, घर कुठे बघू, बीएसएन नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) कधी मिळतो, सायकल नवी घेऊ का जुनी, आणि जेवणाचं विचारलं की "मसाले सगळे आणलेत हो, काही टेन्शन नाही". मला तिथेच हसू येतं. मी २०११ ला आले तेव्हा माझ्याही बॅगेत गोडा मसाला, काळा मसाला, कुळथाचं पीठ, अगदी सांडगे सुद्धा होते, आणि तरी डिसेंबरात आम्ही दोघं आठवड्यातले चार दिवस रात्री ब्रेड नि चीज खात होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, मग बघता बघता साडेचारलाच अंधार पडायला लागतो, तुम्ही समोरून वाऱ्याचे फटके खात पावसात सायकल मारत घरी येता, ओले मोजे काढता आणि मग कणीक मळायला कोणाच्या अंगात त्राण असतंय. रोज बाहेरून मागवायचं तर महिन्याचं गणित पार कोलमडतं.

तर माझं सरळ सांगणं आहे की रविवारी एकदाच आठ लिटरचं सूप करा आणि फ्रीजरमध्ये टाका. सूप म्हटल्यावर ते हॉटेलातलं कॉर्नफ्लोअरचं चिकट पाणी डोळ्यासमोर आणू नका प्लीज. इथलं हिवाळ्याचं सूप म्हणजे अख्खं जेवण असतं, आमटी आणि पिठलं यांच्या मधलं काहीतरी, एक वाडगा आणि पावाचे दोन तुकडे की झालं. आठ लिटरमध्ये साधारण वीस वाडगे निघतात, म्हणजे दोघांना दहा संध्याकाळी.

आधी भांडं. आईने प्रेमाने दिलेला अॅल्युमिनियमचा कुकर इथल्या इंडक्शनवर चालणार नाही, हे मी दर वर्षी किमान तीन जणांना सांगते आणि दर वर्षी कोणीतरी तो बॅगेत कोंबून आणतंच. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडं इंडक्शनवर चालतं, निघायच्या आधी घरीच चिकटवून बघा. तुमच्या घरात गॅस असेल तर प्रश्नच नाही, जुन्या घरांत असतो अजून. सूपचं मोठं पातेलं मात्र तिकडून आणू नका, उगाच वजन. इथे क्रिंगलोप म्हणून जुन्या वस्तूंची दुकानं असतात, जवळपास प्रत्येक गावात एखादं तरी असतंच, तिथे कोणा डच आजीचं जाड बुडाचं दहा लिटरचं पातेलं अगदी स्वस्तात मिळून जातं. जाड बुडाचंच घ्या. पातळ बुडाच्या पातेल्यात डाळीचं सूप तळाला लागलं की वरचं सगळं करपटतं, आणि ते आठ लिटर तुम्हाला दहा दिवस खायचं असतं हे लक्षात घ्या.

आता भाज्या. सुपरमार्केटमध्ये सूपग्रुंटन म्हणून चिरलेल्या भाज्यांची पिशवी मिळते, पहिल्या वेळेला ती घ्यायला हरकत नाही पण मोठ्या बॅचला परवडत नाही. अख्खी भाजी घ्या. प्राय म्हणजे जाडजूड पातीच्या कांद्यासारखा लांब दांडा, इंग्रजीत लीक. वोर्टल म्हणजे गाजर, त्यातही विंटरपेन म्हणून मनगटाएवढी जाड गाजरं मिळतात ती सूपला चांगली. आणि क्नोलसेल्डराय. हे प्रकरण पहिल्यांदा बघितलं की वाटतं कोणीतरी मातीत लोळवलेला, शेंडी न काढलेला नारळ विकायला ठेवलाय. सोलाण्याने सोलायला जाऊ नका, सुरीने वरची खालची चकती उडवायची, कापलेल्या बाजूवर बसवायचं आणि बाजूची साल जाड जाड तासून काढायची. आत पांढरा गर असतो, त्याला सेलरीचा वास. मी पहिली दोन वर्षं त्याच्या वाटेलाच गेले नव्हते आणि माझं सूप नुसतं डाळीच्या पाण्यासारखं का लागतं म्हणून त्यात गरम मसाला ढोसत होते. इथे सूपची चव ह्या गाठीत असते. प्राय धुताना उभा चिरून पाकळ्या उघडून नळाखाली धरा, आत रेती असते, नाहीतर शेवटच्या घासाला करकर लागते.

आता मुख्य म्हणजे स्नेर्ट. कागदोपत्री नाव एर्टनसूप, वाटाण्याच्या डाळीचं. अर्धा किलोची हिरव्या डाळीची पाकिटं मिळतात, पाकिटावर स्प्लिटएर्टन लिहिलेलं असतं. आपल्याला ही डाळ नवीन नाही, पिवळी वाटाणा डाळ आपण पाहिलेलीच असते, तिची ही हिरवी बहीण. मोठ्या पातेल्याला दोन पाकिटं म्हणजे एक किलो डाळ, साडेचार-पाच लिटर पाणी. भिजवायची गरज नाही, नुसती धुवा. उकळी आली की भरपूर फेस येतो, तो झाऱ्याने काढा, तिथेच उभे रहा, मोबाईल घेऊन सोफ्यावर जाल तर उतू जाऊन सगळा स्टोव्ह घासत बसाल. फेस बसला की दोन तमालपत्रं, बटाटे, क्नोलसेल्डराय आणि गाजर बारीक चिरून, आणि मग मंद आचेवर रटरटू दे तासभर. प्राय आणि कांदा मी अर्ध्या तासाने घालते. दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळायचं. मीठ आणि बुल्यॉनच्या (सूपाला चव देणाऱ्या तयार) वड्या अगदी शेवटी, कारण पाणी आटतं आणि वड्या आधीच खारट असतात.

डच लोक यात डुकराचं मांस शिजवतात आणि शेवटी रोकवोर्स्ट म्हणजे धुरी दिलेलं सॉसेज कापून टाकतात. खाणाऱ्यांनी खुशाल घाला. शाकाहारी लोकांसाठी बिनमांसाचा रोकवोर्स्ट पण मिळतो पण मला विचाराल तर काही न घालता वरून तूप-लसूण-सुकी मिरची अशी फोडणी द्या, बास. आमच्याकडे तेच होतं. शाकाहारी लोकांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये मात्र सावध, पाटीवर नुसतं भाज्यांचं सूप लिहिलेलं असतं आणि आत छोटे छोटे मांसाचे गोळे पोहत असतात, किंवा पाणीच मांसाचं असतं. सरळ विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

माझी एक फजिती सांगते म्हणजे तुमची टळेल. पहिल्या वर्षी मी हुशारी करून सुरुवातीलाच डाळीत चार टोमॅटो आणि थोडी चिंच घातली, आमटीसारखी चव यावी म्हणून. साडेसहाला जेवायला डच ऑफिसवाले येणार होते, आणि इथे साडेसहा म्हणजे साडेसहा. दुपारी दोनला चढवलेली डाळ पाचला पण बोटाने चेपली तर आत कचकचीत. पाणी घाल, आच वाढव, झाकण ठेव, काही फरक नाही. आंबट आधी पडलं की डाळ आणि कडधान्य मऊ व्हायचं नावच घेत नाही, हे आईला माहीत होतं, चिंच-कोकम ती कायम डाळ शिजल्यावरच घालायची, मी मात्र तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. शेवटी पाहुण्यांनी ब्रेड नि चीज खाल्लं. ती डाळ दुसऱ्या दिवशी अजून दोन तास शिजवून संपवली. तेव्हा टोमॅटो, लिंबू, चिंच, सगळं डाळ गरगट झाल्यावर.

कुकरमध्ये केली तर चालते का, तर चालते, पण वाटाण्याची डाळ फेसाळते आणि शिट्टीचं भोक बुजवते म्हणून अर्ध्याच्या वर कुकर भरू नका. म्हणजे मोठी बॅच कुकरात होत नाही. डाळ-पाणी तेवढं कुकरात शिजवून मग पातेल्यात ओतायचं.

रात्री आणि एक गोष्ट होते जिच्यामुळे नवीन माणसं घाबरतात. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की सूप नाही, हिरव्या वडीसारखा घट्ट गोळा. बिघडलेलं नाहीये! असंच व्हायला पाहिजे. चमचा उभा राहिला पाहिजे म्हणतात इथे, आणि खरं स्नेर्ट दुसऱ्या दिवशीचंच म्हणतात. थोडं पाणी घालून मंद आचेवर सैल करा.

थंड करण्याचं मात्र नीट ऐका कारण इथेच लोक चुकतात. आपल्याकडे रात्रीची आमटी ओट्यावर झाकून ठेवायची आणि सकाळी परत उकळायची सवय असते. एवढं मोठं पातेलं आतून पाच-सहा तास कोमट रहातं, आणि काही बॅक्टेरिया असे असतात की उकळल्यावरही त्यांची बीजं जिवंत रहातात आणि त्या कोमट सूपात मजेत वाढतात. आणि कढत पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर आजूबाजूचं दूध-दही पण गरम होतं. सिंकमध्ये गार पाणी भरा, पातेलं त्यात उभं करा, ढवळत रहा, पाणी दोनदा बदला, अर्ध्या तासात कोमटच्या खाली येतं. मग उथळ डब्यांत काढा. दोन तासांच्या आत फ्रीज किंवा फ्रीजर. फ्रीज चार डिग्रीवर ठेवायचा आणि त्यातलं दोन दिवसांत संपवायचं, बाकीचं लगेच फ्रीजरमध्ये उणे अठरावर, तीन महिन्यांत खाऊन टाका. डच शेजारी पातेलं सरळ बाल्कनीत ठेवतात थंडीत, मी पण ठेवायचे, पण इथला हिवाळा बेभरवशाचा आहे, जानेवारीत कधी बारा डिग्री होतील सांगता येत नाही. शिवाय एकदा सीगलने झाकण पाडलं. नंतर मी झाकणावर वरवंटा ठेवायला लागले, कोल्हापूरहून आणलेला, त्याचा एवढाच उपयोग झाला.

डबे विकत घेऊ नका. क्वार्कचे (इथला पातळ चक्का) एक किलोचे डबे आणि आइस्क्रीमचे डबे धुवून साठवा. सूप गार झाल्यावरच भरा, कडेपर्यंत भरू नका, गोठल्यावर फुगतं, दोन बोटं जागा सोडा. भाड्याच्या घरात फ्रीजर म्हणजे बहुतेक वेळा फ्रीजच्या वरचा एक कप्पा असतो, त्यात डबे बसत नाहीत, मग झिपच्या पिशवीत भरून ताटात आडवं गोठवायचं आणि नंतर वह्यांसारखं उभं लावायचं, असं बरंच मावतं. आणि चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा. आम्ही एकदा उसाचा रस समजून आल्याचं वाटण वितळवलंय. वितळल्यावर परत गोठवू नका, एका वेळेला लागेल तेवढाच डबा काढा आणि वाफा येईपर्यंत नीट गरम करा.

सगळंच गोठत नाही पण. शेवया आणि पास्ता सूपात फुगून लगदा होतो. क्रीम फाटतं. बटाट्याचे मोठे तुकडे रवाळ होतात, म्हणून स्नेर्टमध्ये मी ते बारीक चिरते, विरघळले तर बरंच. कोथिंबीर, लिंबू, फोडणी हे वाढताना.

स्नेर्टचा कंटाळा आला (येतोच, फेब्रुवारीत) की ब्राउन बीन्सचं करा. इथे ब्रौना बोनन म्हणतात, काचेच्या बरणीत शिजवलेले मिळतात, कांदा-लसूण-टोमॅटो परतून, गोडा मसाला चमचाभर, अर्धे बीन्स घोटून अर्धे अख्खे. आपल्या उसळीचंच पातळ रूप. कोरडे घेतले तर रात्रभर भिजवा आणि शिजवायच्या आधी दहा मिनिटं खळखळून उकळाच, स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका, कच्च्या राजमासारखं पोटाला बाधतं. भोपळा आणि मसुरीचं पण मस्त होतं, छोटा केशरी होकायडो भोपळा मिळतो त्याचं साल काढायचीही गरज नाही.

फोडणीचं सांगायचं राहिलं. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक घरात प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म सक्तीचा आहे, आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर हॉललाच उघडं. मिरचीची फोडणी छोट्या कढल्यात, एक्झॉस्ट फुल, खिडकी उघडी, आणि त्याआधी सगळ्यांचे कोट बेडरूममध्ये नेऊन दार बंद. नाहीतर सोमवारी ट्रेनमध्ये तुमच्या कोटाला लसणीचा वास येतो, तुम्हाला स्वतःला येत नाही हा त्यातला खरा घोटाळा.

शेजाऱ्यांशी ओळख कशी करायची विचारतात सगळे. इथे न सांगता बेल वाजवत नाहीत, चहाला यायचं तरी तारीख ठरते, पण कोणी आजारी असेल, बाळ झालं असेल तर सूपाचं छोटं पातेलं घेऊन गेलेलं चालतं, ही त्यांचीच पद्धत आहे. आमच्या शेजारच्या बाई पाय मोडून घरी बसल्या तेव्हा मी लिटरभर नेऊन दिलं, मिरची बेताची घालून. तीन दिवसांनी पातेलं दारात, चकचकीत घासलेलं, आणि रिकामं. आत एक आभाराचं कार्ड फक्त. रिकामं भांडं परत देऊ नये हे आपल्या रक्तात, चिमूटभर साखर तरी घालतो आपण, मी दोन दिवस नवऱ्याला ऐकवत होते की बघ, आवडलं नसणार. मग आठवड्याने त्याच बाई कुबड्या टेकत आल्या आणि म्हणाल्या, ते वरचं लसणीचं तेल कसं केलंस ते लिहून देशील का. तर पातेलं रिकामं आलं तर मनाला लावून घेऊ नका, आणि देताना झाकणाला आतून नाव चिकटवून द्या, माझी दोन झाकणं अजून कोणाकडे तरी आहेत.